जंतूंचे ठाणे

नौपाड्यात संध्याकाळी गोखले रोडने मल्हार सिनेमाच्या दिशेने चालू लागले की दंतवैद्यांच्या पाट्या मोजता मोजता मोजणी चुकते. अशाच एका पहिल्या मजल्यावरच्या दवाखान्यात काही महिन्यांपूर्वी माझ्या शेजारी एक आजी बसल्या होत्या. उजवा गाल डोळ्याखालपर्यंत सुजलेला, त्यावर पदर दाबून धरलेला. सून समजूत घालत होती, "आई, काढून टाकू या आता. आठ दिवस झाले, तुम्हाला धड जेवण नाही की झोप नाही." आजी ऐकत नव्हत्या. डॉक्टरीणबाई दारात आल्या तेव्हा त्यांनी मनातले विचारलेच, "दाढ वरची आहे हो. डोळ्याला काही होणार नाही ना?"

डॉक्टरीणबाईंना हा प्रश्न नवा नसावा. त्या आजींजवळ बसल्या आणि म्हणाल्या, "दाढ काढल्याने डोळा जात नाही, आजी. पण ही सूज अशीच वर चढत राहिली तर मात्र डोळ्याला धोका आहे." आजी थोडा वेळ गप्प राहिल्या, मग उठून आत गेल्या.

मी तिथेच बसून राहिलो. दाताचे दुखणे दातापुरते राहते की अंगात उतरते? उतरत असेल तर दात काढावा की राखावा? दवाखान्याच्या बाकावर सहज निघालेल्या या प्रश्नाने विसाव्या शतकातल्या वैद्यकाची तीस-चाळीस वर्षे झपाटून टाकली होती. त्यापायी असंख्य माणसांची तोंडे रिकामी झाली आणि काहींचे जीवही गेले. त्या काळाची हकिगत मराठीत फारशी कोणी सांगितलेली नाही. ती सांगावी असे त्या संध्याकाळपासून मनात होते.

आजींची भीती अडाणीपणाची म्हणून झटकून टाकण्यासारखी नाही. तिचे मूळ सुश्रुतसंहितेत सापडते. सुश्रुताने तोंडाचे ६५ रोग सांगितले, त्यांतले १५ हिरड्यांचे आणि ८ दातांचे. चिकित्सास्थानाच्या बाविसाव्या अध्यायात तो दंतनाडीविषयी लिहितो. दंतनाडी म्हणजे दाताच्या मुळापासून पुवाने पाडलेली वाट. जो दात असा नासला तो काढावा, हयगय केली तर ही वाट जबड्याचे हाड फोडते, असे तो बजावतो. आणि लगेच दुसरा इशारा देतो. घट्ट बसलेला वरचा दात उपटला तर रक्त फार जाते, माणसाचा डोळा जातो, तोंड वाकडे होते. म्हणून वरचा दात हलत असला तरी वैद्याने त्याला हात लावू नये.

म्हणजे एकाच अध्यायात दोन धोके होते, ठेवण्याचा आणि काढण्याचा. पिढ्यान्‌पिढ्या सांगोवांगी उतरताना आपल्याकडे त्यातला पहिला धोका गळून पडला आणि दुसरा तेवढा पक्का झाला. नासलेला दात हाड फोडतो हे घरात कोणी सांगत नाही. वरची दाढ काढली की डोळा जातो हे मात्र ठाण्यापासून चांद्यापर्यंत प्रत्येक घराला ठाऊक असते. मला वाटते, सुश्रुताने पाहिले ते खोटे नसणार. वरच्या दाढांची मुळे गालाच्या हाडातल्या पोकळीला लागून असतात, आणि त्या पोकळीचे छत म्हणजे डोळ्याच्या खोबणीचा तळ. आधीच पू झालेली वरची दाढ त्या काळच्या अवजारांनी ओढल्यावर संसर्ग डोळ्यापर्यंत चढला असेल आणि दोष काढण्यावर आला असेल. पुवावर औषध नव्हते तेव्हा तो सल्ला सावधपणाचा होता. आज तोच सल्ला ऐकून लोक आठ-आठ दिवस सुजलेला गाल घेऊन घरात बसतात.

आता युरोपात जाऊ. विलोबी डेटन मिलर हा मूळचा अमेरिकेतल्या ओहायोतला तरुण. त्याचा जन्म १८५३ सालचा, म्हणजे बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी धावली त्याच वर्षीचा. दंतवैद्य होऊन तो बर्लिनला स्थिरावला आणि रॉबर्ट कॉखच्या प्रयोगशाळेत जंतूंचा अभ्यास शिकला. क्षयाचा जंतू १८८२ साली दाखवून देणारा हाच तो कॉख. पुढे १८९७ साली प्लेगच्या तपासासाठी तो मुंबईतही येऊन गेला. गुरूने फुप्फुसातले जंतू शोधले, शिष्याने तोंडातले. पिठूळ आणि गोड अन्नापासून तोंडातले जंतू आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दात पोखरते, हे मिलरने दाखवले. दाताला कीड लागते म्हणजे खरोखरची अळी लागते, हा जगभरचा समज तिथून मोडला. आपल्याकडे रस्त्यावर बसून दातातली अळी काढून दाखवणारे त्यानंतरही पुष्कळ वर्षे पोट भरत राहिले, ही गोष्ट वेगळी.

मिलर एवढ्यावर थांबला नाही. १८९१ साली त्याने एक निबंध लिहिला आणि तोंड हे साऱ्या शरीराला संसर्ग पुरवणारे केंद्र असू शकते असे मांडले. आपल्या भाषेत सांगायचे तर जंतू दाताच्या मुळाशी ठाणे मांडून बसतात आणि तिथून स्वाऱ्या करतात. पण या भल्या माणसाने दात उपटा असे म्हटले नव्हते. स्वच्छ करा, भरा आणि वाचवा, हाच त्याचा सल्ला होता. पुढे त्याच्या नावावर जे झाले ते पाहायला तो राहिला नाही. १९०७ साली तो वारला.

पुढचे काम विल्यम हंटर या लंडनच्या डॉक्टरने केले. ऑक्टोबर १९१० मध्ये कॅनडातल्या माँट्रियलला मॅकगिल विद्यापीठात त्याचे भाषण झाले. सोन्याच्या टोप्या आणि पूल बसवण्याची अमेरिकेत तेव्हा चढाओढ होती. मुळाशी पू तसाच ठेवून वर सोने चढवणाऱ्या या कारागिरीवर हंटर तुटून पडला. त्या सोन्याखाली घाण दडलेली असते आणि तीच माणसाला पांडुरोगी, संधिवाती, खंगलेला करते, असे त्याचे म्हणणे. त्याच्या रागात तथ्य होते, कारण तसली वाईट कामे खरोखर होत होती. पण रागाच्या भरात कारणाची साखळी जुळवली की ती तपासायचे भान राहत नाही. हंटरला ज्या जीवघेण्या पांडुरोगाचे खापर दातांवर फोडायचे होते, त्याचे कारण दातात नव्हतेच. १९२६ साली अमेरिकेत मायनॉट आणि मर्फी यांनी रोग्यांना यकृत खाऊ घालून तो आटोक्यात आणला, आणि त्यामागचे बी-१२ हे जीवनसत्त्व १९४८ साली हाती आले.

या गोष्टीचा एक धागा मुंबईत आहे आणि तो मला फार मोलाचा वाटतो. १९२८ साली ल्युसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईला आली. गिरणगावातल्या गरोदर बायांना एक विचित्र पांडुरोग होई, चेहरा पांढराफटक पडे आणि बाळंतपणात बाई हातची जाई. हंटरच्या जीवघेण्या पांडुरोगाशी त्याची लक्षणे जुळत. जंतुसंसर्गाची शंका विल्सबाईंनीही आधी घेतलीच, पण त्या शंकेवर थांबल्या नाहीत. त्या बायांच्या घरात काय शिजते ते त्यांनी पाहिले. ताटात भाज्या, फळे, डाळ-दूध जवळजवळ नव्हते. परळच्या हाफकिन संस्थेत उंदरांवर आणि माकडांवर प्रयोग झाले, आणि यीस्टचा अर्क, बाजारात मार्माइट नावाने मिळणारी काळपट चटणी, दिली की रोग हटतो असे दिसून आले. १९३१ साली त्यांनी ते छापले. आज प्रत्येक गरोदर बाईला सरकारी दवाखान्यातून फॉलिक ॲसिडची गोळी मिळते, तिची सुरुवात परळच्या त्या कामातून आहे. समजा, कोणी हंटरचे शिष्य त्या वेळी गिरणगावात पोहोचले असते, तर त्या उपाशी बायांचे दात गेले असते आणि रोग तसाच राहिला असता.

अमेरिकेत मात्र हंटरचे भाषण वणव्यासारखे पसरले. शिकागोच्या फ्रँक बिलिंग्जने या विचाराला 'फोकल इन्फेक्शन' या नावाने शास्त्राचा दर्जा दिला. १९१६ साली त्याचे पुस्तक आले. एडवर्ड रोझनाऊने असे मांडले की विशिष्ट जंतू विशिष्ट अवयवच गाठतात, कोणी सांधा, कोणी हृदय, कोणी मूत्रपिंड. वेस्टन प्राइसने रूट कॅनाल केलेले दात उपटून सशांच्या कातडीखाली पुरले आणि रोग्याचा आजार सशालाही होतो असा दावा १९२३ साली दोन जाडजूड खंडांत केला. त्यात क्ष-किरणांची भर पडली. दाताच्या मुळाशी काळसर ठिपका दिसला की तोच गुन्हेगार ठरू लागला. सांधे दुखतात, दात काढा; डोके दुखते, दात काढा; थकवा आहे, काढून तरी पाहू. न्यू ऑर्लिन्सचा एडमंड केल्स हा दंतवैद्यकात क्ष-किरण आणणाऱ्या पहिल्या काही जणांपैकी एक. आपल्याच यंत्राच्या चित्रांवरून चांगले दात उपटले जाताना पाहून तो कळवळला आणि त्याने जाहीर विरोध केला, पण तेव्हा ऐकणारे थोडे होते.

या सगळ्यातले सर्वांत काळे पान न्यू जर्सीतल्या ट्रेंटन गावच्या मनोरुग्णालयात लिहिले गेले. ठाणेकराने ते वाचावे असे मला विशेष वाटते. तीन हात नाक्यापलीकडे आपले मनोरुग्णालय १९०१ सालापासून उभे आहे, नरोत्तमदास माधवदास यांच्या नावाने आणि देणगीने. मुंबईत आजही कोणी बहकल्यासारखे वागले की "ह्याला ठाण्याला पाठवा" म्हणतात. आमच्या गावाचे नाव असे शिवीसारखे वापरले जाते याचे दुःख होतेच, पण त्याहून जास्त दुःख होते ते त्या भिंतींआडच्या माणसांचे. घरच्यांनी सोडलेला, स्वतःची बाजू मांडू न शकणारा मनोरुग्ण कुठल्याही नव्या उपचाराला नाही म्हणू शकत नाही. ट्रेंटनमध्ये नेमके तेच झाले.

हेन्री कॉटन १९०७ साली, वयाच्या तिशीत, तिथला अधीक्षक झाला. तो दुष्ट माणूस नव्हता. आल्या आल्या त्याने रोग्यांना बांधून ठेवण्याची साधने काढून टाकली. जर्मनीत क्रेपेलिन आणि अल्झायमर यांच्या हाताखाली तो शिकून आला होता. १९१३ साली नोगुची आणि मूर यांनी एका प्रकारच्या वेडाने मेलेल्या रोग्यांच्या मेंदूत उपदंशाचा जंतू दाखवला, तेव्हा कॉटनच्या मनाने घेतले की सगळेच वेड जंतूंमुळे असणार, फक्त ठाणे शोधायला हवे. त्याने ते दातांत शोधले. आधी किडलेले, मग शंकास्पद, मग सगळेच. दात गेल्यावरही रोगी सुधारला नाही तर त्याचा अर्थ त्याने असा घेतला की ठाणे आणखी खोल आहे. मग गळ्यातल्या गाठी, सायनस, आणि शेवटी मोठे आतडे. १९२१ साली प्रिन्स्टन विद्यापीठात व्याख्याने देताना त्याने ८५ टक्के रोगी बरे होतात असे सांगितले. वर्तमानपत्रांनी डोक्यावर घेतले, इंग्लंडात सत्कार झाले. त्याच्या विचारावरची निष्ठा इतकी की त्याने स्वतःच्या बायकामुलांचे आणि स्वतःचेही दात काढवून घेतले. आतड्याच्या शस्त्रक्रियेत दहांतले तीन जण मरतात हे तो स्वतः कबूल करत होता, तरी थांबत नव्हता.

त्याला अडवणारा पहिला प्रयोग न्यूयॉर्कला झाला. कोपेलॉफ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक साधी गोष्ट केली. सारख्या आजाराच्या रोग्यांचे दोन गट पाडले, एका गटाचे संशयित दात आणि गाठी काढल्या, दुसऱ्याला तसेच ठेवले, आणि वाट पाहिली. दोन्ही गटांत सुधारणा सारखीच निघाली. १९२३ साली हे प्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षी फिलिस ग्रीनएकर या तरुण डॉक्टर बाईंना ट्रेंटनच्या तपासाला पाठवण्यात आले. वॉर्डात शिरल्यावर त्यांना आधी दिसली ती बोळकी तोंडे. दात नाहीत, कवळी नाही, आणि म्हणून अन्न नीट चावता येत नाही अशी माणसे. नोंदी चाळून त्यांनी आकडे काढले तेव्हा चित्र उलटेच निघाले. बरे झालेल्यांवर उपचार सर्वांत कमी झाले होते. ज्यांच्यावर जास्तीत जास्त उपचार झाले ते एक तर तसेच होते किंवा मेले होते. आतड्याच्या शस्त्रक्रियेतले मृत्यू कॉटन सांगत होता त्याहून बरेच अधिक निघाले.

तो अहवाल छापला गेला नाही. ज्या ॲडॉल्फ मायर या थोर मनोविकारतज्ज्ञाने तो मागवला, त्यानेच तो दाबून ठेवला. कॉटन त्याचा शिष्य होता. काम चालू राहिले. १९३३ साली कॉटन वारला तेव्हा त्याचे गौरवलेख आले. मला कॉटनपेक्षा मायरचा राग जास्त येतो. कॉटनचा विश्वास आंधळा होता. मायरने डोळे उघडे असताना मिटून घेतले.

संधिवाताच्या बाबतीत निकाल यायला आणखी पाच वर्षे लागली. न्यूयॉर्कचा रसेल सेसिल हा स्वतः या पंथातला मोठा माणूस. त्याने अँजेव्हिनसोबत आपल्याच २०० संधिवाताच्या रोग्यांच्या नोंदी पुन्हा तपासल्या आणि १९३८ साली छापून सांगितले की दात आणि गाठी काढून या रोग्यांचा काही फायदा झाला नाही. आपले इतक्या वर्षांचे म्हणणे चुकले असे जाहीर सांगायला धैर्य लागते. १९४० साली रायमन आणि हॅवेन्स यांनी सगळा पुरावा एकत्र तपासला, आणि १९५२ पर्यंत अमेरिकन वैद्यक संघाच्या मुखपत्राने या सिद्धान्ताला अग्रलेखातून निरोप दिला.

भारतात दंतवैद्यकाचे शिक्षण उभे राहिले ते नेमके याच काळात. डॉ. रफिउद्दीन अहमद अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातून शिकून आले आणि १९२० साली कलकत्त्यात त्यांनी देशातले पहिले दंत महाविद्यालय काढले. मुंबईत नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय १९३३ सालचे. दंतवैद्यांची नोंदणी करणारा कायदा १९४८ साली आला. ठाण्यासारख्या गावात तोवर दात म्हणजे कडुलिंबाची नाहीतर बाभळीची काडी, राखुंडी, आणि बायकांत मशेरी. १९५२ साली केशव विष्णू पेंढरकरांनी परळला विको सुरू केली आणि दारोदार दंतमंजन विकायला काढले. त्या मंजनाच्या नावातली वज्रदंती म्हणजे आपली पिवळी कोरांटी. पुढे डोंबिवलीत त्यांचा कारखाना आला आणि त्यांच्या नावाचे महाविद्यालयही तिथे उभे राहिले. आपल्या भागात दातांची काळजी घरोघर बोलली जाऊ लागली ती अशा मंजनांच्या मागोमाग, डॉक्टरांच्या आधी.

फोकल इन्फेक्शनचा सिद्धान्त बुडाला तेव्हा त्याबरोबर एक खरी गोष्टही बुडता बुडता राहिली. अतिरेकाने तोंड पोळलेल्या डॉक्टरांची एक पिढी दाताचा आणि अंगाचा काही संबंध असतो हे ऐकूनच घ्यायला तयार नव्हती. पण हृदयाच्या झडपेने तो संबंध विसरू दिला नाही.

१९३५ साली लंडनमध्ये ओकेल आणि एलियट यांनी दात काढल्यावर लगेच रोग्यांचे रक्त तपासले. १३८ जणांपैकी सुमारे ६१ टक्के लोकांच्या रक्तात तोंडातले स्ट्रेप्टोकॉकस जंतू सापडले. हिरड्या नासलेल्यांत हे प्रमाण आणखी जास्त होते. धडधाकट माणसाच्या अंगात असे जंतू काही मिनिटांत मारले जातात. पण ज्याची झडप लहानपणीच्या सांधेतापाने खरखरीत झालेली आहे, त्याच्या झडपेवर ते चिकटतात आणि घर करतात. मग बारीक ताप, वजन उतरणे, धाप, आणि काही महिन्यांत मृत्यू. संगीतकार गुस्ताव्ह माहलर १९११ साली याच आजाराने गेला. पेनिसिलिन येईपर्यंत यातून सुटणारा माणूस जवळजवळ नसे.

आपल्या देशात हा प्रश्न पुस्तकी नव्हता. सांधेतापाने झडपा गेलेली मुले-मुली कोकणातून, घाटावरून, ठाण्याच्या आदिवासी पाड्यांतून परळच्या के.ई.एम.मध्ये येत. डॉ. प्रफुल्लकुमार सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकात तिथे चिकटलेल्या झडपा मोकळ्या करण्याच्या शस्त्रक्रिया केल्या. १९५५ साली पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्सच्या कारखान्यात देशातले पेनिसिलिन तयार होऊ लागले, आणि त्याच वर्षी अमेरिकन हार्ट असोसिएशनने पहिल्यांदा सांगितले की झडप खराब असलेल्या माणसाचा दात काढण्याआधी प्रतिजैविक द्यावे. २००७ साली त्यांनीच ही शिफारस आखडती घेतली आणि कृत्रिम झडप बसवलेले, हा आजार एकदा होऊन गेलेले, अशा सर्वांत जोखमीच्या लोकांपुरती ठेवली. कारण साधे होते. दात काढताना रक्तात जंतू एकदा जातात. हिरड्या खराब असतील तर रोज घास चावताना आणि रोज दात घासताना जातात. एक दिवसाच्या गोळीने रोजची गळती थांबत नाही.

१९८९ साली फिनलंडमधल्या हेलसिंकीत मात्तिला आणि सहकाऱ्यांनी जुना प्रश्न नव्याने उघडला. हृदयविकाराचा झटका आलेले १०० जण आणि त्यांच्याच समाजातले १०२ इतर, यांच्या तोंडांची तुलना त्यांनी केली. झटका आलेल्यांचे दात-हिरड्या वाईट निघाल्या. वय, धूम्रपान, चरबी यांचा हिशेब वजा केल्यावरही. तेव्हापासून शेकडो अभ्यास झाले. नाते दिसते, पण हिरड्यांचा रोग झटका आणतो हे सिद्ध झालेले नाही, असे अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ साली स्पष्ट सांगितले. तंबाखू, दारिद्र्य, मधुमेह हे दोन्हीकडे समान दोषी असतात. "हिरड्या साफ करा, हार्ट अटॅक टाळा" अशा जाहिराती मला म्हणूनच खटकतात. १९१६ सालची घाई त्यात पुन्हा ऐकू येते.

मधुमेहाचे नाते मात्र पक्के आहे आणि ते दोन्ही बाजूंनी आहे. साखर वाढली की हिरड्या लवकर नासतात. १९९३ साली हाराल्ड ल्यो यांनी हिरड्यांच्या रोगाला मधुमेहाची सहावी गुंतागुंत म्हटले. आणि हिरड्यांवर नीट उपचार केले की तीन-चार महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, एचबीए१सी, ०.४ च्या आसपास उतरतो असे प्रयोगांत दिसले आहे. आणखी एका गोळीची जोड देऊन मिळावे इतके हे यश. आमच्या नौपाड्यातल्या जवळपास प्रत्येक घरात एक साखरेचा डबा कुलपात असतो. त्या घरांत कोणी हिरड्या दाखवायला जात नाही, याचे मला वाईट वाटते.

उलट दिशेने आलेला एक हल्ला आपण याच दशकात पाहिला. मे २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेमागून म्युकरमायकोसिस, लोकांच्या तोंडची काळी बुरशी, आली; महाराष्ट्र सर्वाधिक रुग्णांच्या राज्यांपैकी एक होता. स्टिरॉइड घेतलेले, साखर चढलेले रोगी. नाकातून बुरशी गालाच्या पोकळीत शिरे आणि वरचा जबडा पोखरे. कितीतरी रोग्यांची पहिली तक्रार होती वरचे दात एकाएकी हलू लागल्याची, आणि ती घेऊन ते आधी गेले दंतवैद्याकडे. ज्यांचे दुखणे तिथेच लक्षात आले त्यांचा डोळा वाचला. सुश्रुताच्या त्या अध्यायातले वरचा दात, जबड्याचे हाड आणि डोळा हे तिन्ही शब्द त्या उन्हाळ्यात पुन्हा एकत्र आले.

आणि सर्वांत जवळची वाट, रक्तातून न जाणारी. १८३६ साली स्टुटगार्टच्या विल्हेल्म लुडविगने वर्णन केलेला आजार अजून माणसे मारतो. खालच्या मागच्या दाढांची मुळे जबड्याच्या आतल्या बाजूला खोल उतरलेली असतात. तिथला पू जिभेखाली आणि हनुवटीखाली पसरला की जीभ वर-मागे ढकलली जाते आणि श्वासनळीची वाट अडते. इथे जंतूंना हृदय गाठावे लागत नाही. एका किडलेल्या दाढेने दोन-तीन दिवसांत गळा आवळला जातो.

आजींची दाढ निघाली. दुसऱ्या आठवड्यात त्या घंटाळीच्या देवळाबाहेर भेटल्या, गाल उतरलेला, चष्मा जागेवर.

वाचकांना एवढेच सांगायचे आहे. गुडघे दुखतात म्हणून कोणी चांगले दात काढायला सांगितले तर काढू नका, दुसऱ्या डॉक्टरला विचारा. साखर असेल तर वर्षातून दोनदा हिरड्या दाखवा. झडप बदललेली असेल किंवा लहानपणी हृदयाचे काही निघाले असेल, तर दंतवैद्याच्या खुर्चीत बसण्याआधी ते सांगा, त्यांनी विचारायची वाट पाहू नका. वरची दाढ नासली असेल तर डोळ्याच्या भीतीने ठेवू नका. आणि खालच्या दाढेची सूज हनुवटीखाली उतरली, तोंड उघडेना, थुंकी गिळवेना, तर रात्र असली तरी थेट मोठ्या रुग्णालयात जा. सकाळपर्यंत थांबू नका.